धावपट्टी संपते तिथला रस्ता

अहमदाबादच्या विमान अपघातानंतर महिनाभर जो तो फ्लॅपवर बोलत होता. वाहिन्यांवर तर होताच, पण यवतमाळच्या दत्त चौकात चहा पितानाही. धूसर चित्रफितीत पंखांची मागची कड खाली आलेली दिसत नाही, म्हणजे वैमानिक फ्लॅप उघडायलाच विसरले, असा निकालही लागून गेला होता. 12 जुलै 2025 च्या प्राथमिक अहवालाने तो खोडला. फ्लॅपचा दांडा 5 अंशांवर, म्हणजे उड्डाणासाठी हवा तिथेच होता आणि वजनही मर्यादेत होते. इंधनाच्या स्विचांचे कोडे राहिले. त्यावर टपरीवरून निकाल देण्याची घाई मी तरी करणार नाही.

मात्र शंका अगदीच हवेतली नव्हती. ऑगस्ट 1987 मध्ये डेट्रॉइटला आणि ऑगस्ट 2008 मध्ये माद्रिदला नेमके हेच घडले होते. दोन्ही विमाने एमडी-82 जातीची, दोन्हींचे फ्लॅप बंद, आणि दोन्ही वेळा ज्याने बोंब मारायची तो इशाऱ्याचा भोंगा गप्प. दोन्ही विमानांतल्या मृतांचा आकडाही एकच: 154.

दुसरी चूक आकड्यांची. विमानाने किती वेगाला नाक उचलायचे हे वैमानिक अंदाजाने ठरवत नाही. वजन, तापमान, वारा, धावपट्टीची लांबी आणि फ्लॅपचा कोन यांवरून तो वेग आधीच काढलेला असतो. मार्च 2009 मध्ये मेलबर्नहून दुबईला निघालेल्या एमिरेट्सच्या विमानाचे वजन 362.9 टन होते; गणितात भरले गेले 262.9. एकच अंक चुकला. विमान शेपूट घासत, धावपट्टीच्या टोकापलीकडचे दिवे तोडत कसेबसे वर गेले आणि सुखरूप परतले. 100 टन म्हणजे 1000 क्विंटल. एवढ्या कापसाची गफलत आपल्या बाजार समितीच्या काट्यावर झाली असती, तर दुपारपर्यंत रास्ता रोको झाला असता!

कापसावरून आठवण निघते ती औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची. 26 एप्रिल 1993, दुपारी एकची वेळ. इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 मुंबईला निघाले, आत 118 माणसे. धावपट्टी जवळपास सगळी संपली तेव्हा कुठे चाके सुटली. पुढे कुंपणापलीकडे बीडचा रस्ता, आणि त्या क्षणी त्या रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला ट्रक चाललेला. विमानाचे डावे चाक आणि डावे इंजिन त्या ट्रकला धडकले, रस्त्यापासून साधारण सात फुटांवर. तसेच लंगडत विमान तीनेक किलोमीटर गेले, उच्चदाबाच्या तारांत अडकले आणि कोसळले. 55 जण गेले, 63 वाचले.

हंगामात यवतमाळहून बाहेर पडणारा कोणताही ट्रक डोळ्यांपुढे आणा. एक गाठ 170 किलोची. जिनिंग-प्रेसिंगमधून निघाली की दगडासारखी टणक. लोक कापूस म्हणतात आणि मऊ काहीतरी समजतात. अशा गाठींची चळत म्हणजे चालती भिंतच.

चौकशीत दोष दोघांवर आला. वैमानिकांनी नाक उशिरा उचलले आणि उचलण्याची पद्धतही चुकली, हा पहिला. विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने आवरली नाही, हा दुसरा. आपल्या बोलण्यात पहिलाच उरला. ‘पायलटची चूक’ म्हटले की फाइल बंद होते. मला मात्र दुसरा दोष जास्त छळतो. वैमानिक माणूस आहे, तो कधी ना कधी चुकणारच. रस्त्यावर फाटक लावायला आणि त्यापाशी एक माणूस उभा करायला मात्र कसली गणिते लागत नाहीत. रेल्वे हे काम गावोगावी करत आली आहे.

आता हे यवतमाळात बसून का सांगतो? एप्रिल 2025 मध्ये अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचे विमान सुरू झाले. 1850 मीटरची धावपट्टी, पंख्याचे एटीआर-72. तेव्हापासून आपल्याकडेही कुजबूज वाढली आहे. आपला विमानतळ 2009 मध्ये खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने गेला, पण नियमित प्रवासी विमान काही आले नाही. मागणी एकच ऐकू येते: धावपट्टी वाढवा. ठीक आहे, वाढवा. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे आणि मे महिन्यात पारा 44-45 अंशांना टेकतो. तापलेली हवा विरळ होते. पंखांना भार उचलायला जास्त वेग लागतो, म्हणजेच जास्त जमीन. लांबीची मागणी वावगी नाहीच.

फक्त निवेदन घेऊन जाणाऱ्यांनी एक कागद सोबत जोडावा. धावपट्टीच्या दोन्ही टोकांबाहेर कोणते रस्ते आहेत, विजेच्या तारा कुठून जातात, आणि दिवाळीनंतर कापसाचे किती ट्रक तिथून रोज ये-जा करतात.