परिचर्या शिक्षणातील पर्याय आणि अर्हतेचे स्तर : महाराष्ट्राच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

बारावीनंतर परिचर्या क्षेत्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर ए.एन.एम., जी.एन.एम. आणि बी.एस्सी. नर्सिंग असे तीन प्रमुख पर्याय असतात. या तिन्ही अभ्यासक्रमांचा कालावधी, प्रवेशाच्या अटी, नोंदणीचे स्वरूप आणि पुढील प्रगतीच्या वाटा भिन्न आहेत. हे भेद माहीत नसल्यामुळे चुकीचा पर्याय निवडला जातो, तर काही वेळा नोंदणीच न मिळणाऱ्या अभ्यासक्रमावर कुटुंबाचा पैसा खर्च होतो. प्रस्तुत लेखात या स्तरांचा परस्परसंबंध स्पष्ट करून निवडीचे निकष मांडण्यात आले आहेत.

बीजसंज्ञा : परिचर्या शिक्षण, पदविका, पदवी, नोंदणी, शैक्षणिक मार्गदर्शन.

प्रस्तावना

बारावीचा निकाल लागल्यानंतर ‘मुलीला नर्सिंगला घालायचे आहे, कोणता कोर्स घ्यावा?’ हा प्रश्न घेऊन पालक महाविद्यालयात येतात. ग्रामीण व निमशहरी भागात हा प्रश्न बहुधा वर्गशिक्षकाला किंवा ओळखीच्या प्राध्यापकाला विचारला जातो. मात्र कला, वाणिज्य वा विज्ञान शाखेत अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकांचा परिचर्या शिक्षणाशी प्रत्यक्ष संबंध येत नाही. त्यामुळे ‘नर्सिंग म्हणजे नर्सिंग’ असे गृहीत धरून सल्ला दिला जातो. वस्तुतः हे एकच शिक्षण नसून ती अनेक पायऱ्यांची शिडी आहे, आणि विद्यार्थी कोणत्या पायरीवर प्रथम पाय ठेवतो यावर त्याच्या पुढील सात-आठ वर्षांचा हिशेब अवलंबून असतो.

लेखाची उद्दिष्टे

१) परिचर्या शिक्षणाच्या विविध स्तरांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) या स्तरांची कालावधी, पात्रता व प्रगतीच्या संधी या अंगांनी तुलना करणे.
३) संस्था निवडताना तपासावयाच्या बाबी निश्चित करणे.
४) महाविद्यालयीन मार्गदर्शनासाठी काही सूचना करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रात परिचर्येकडे प्रतिष्ठित व्यवसाय म्हणून पाहण्याची दृष्टी सहज निर्माण झाली नाही. रुग्णाचा स्पर्श, रात्रपाळी आणि घराबाहेरील वास्तव्य या कारणांमुळे मध्यमवर्गीय कुटुंबे मुलींना या शिक्षणापासून दूर ठेवीत. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्त्रियांना परिचारिका प्रशिक्षणाकडे वळविण्याचे जे कार्य केले, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर लक्षात येते.

सन १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल सादर झाला. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येतील पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. सन १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेची तरतूद झाली. राज्य पातळीवर महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये परिचारिकांच्या नोंदणीची व्यवस्था आहे. सन १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील परिचर्या पदवी शिक्षण प्रामुख्याने त्याच्या कक्षेत आले. सन २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम संमत केला. १९४७ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय आयोग व राज्य आयोग अशी रचना आणण्याची तरतूद त्यात आहे.

या प्रवासातून एक गोष्ट स्पष्ट होते. पदविका व पदवी हे दोन प्रवाह आरंभापासून शेजारी शेजारी वाहत आले. त्यामुळे एकाच व्यवसायात शिरण्याची अनेक दारे निर्माण झाली, आणि निवडीचा आजचा प्रश्नही त्यातूनच उद्भवला.

अर्हतेचे स्तर

अ) ए.एन.एम. (सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका) : हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून तो केवळ महिलांसाठी आहे. बारावी कोणत्याही शाखेतून उत्तीर्ण झालेली विद्यार्थिनी त्यास पात्र ठरते. अभ्यासक्रमाचा भर माता-बाल संगोपन, लसीकरण, प्रसूतीपूर्व तपासणी व कुटुंबकल्याण यांवर असतो. ग्रामीण भागात ‘आरोग्य सेविका’ म्हणून ओळखली जाणारी उपकेंद्रातील कर्मचारी ती हीच. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा मानदंड असल्याने या पदाचे सामाजिक महत्त्व मोठे आहे. परंतु मोठ्या रुग्णालयातील अधिपरिचारिकेच्या पदासाठी ही अर्हता पुरेशी नसते.

आ) जी.एन.एम. (सामान्य परिचर्या व प्रसाविका पदविका) : पूर्वी हा अभ्यासक्रम साडेतीन वर्षांचा होता, सन २०१५-१६ पासून तो तीन वर्षांचा करण्यात आला. बारावीला इंग्रजी विषय व किमान ४० टक्के गुण असलेला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी त्यास पात्र असते. नोंदणीकृत ए.एन.एम.लाही येथे प्रवेश घेता येतो. राज्यात ए.एन.एम. व जी.एन.एम. यांच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाच्या कक्षेत येतात.

इ) बी.एस्सी. नर्सिंग : हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांत एकत्रित किमान ४५ टक्के गुण आणि इंग्रजीत उत्तीर्णता आवश्यक असते. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. सन २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार हा अभ्यासक्रम आठ सत्रांचा झाला आहे. प्रवेशासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

ई) पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग : जी.एन.एम. उत्तीर्ण व नोंदणीकृत परिचारिकेसाठी दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम पदविका आणि पदवी यांना जोडणारा पूल होय.

उ) एम.एस्सी. नर्सिंग व पुढील शिक्षण : दोन वर्षांच्या या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ५५ टक्के गुणांसह पदवी व किमान एक वर्षाचा अनुभव आवश्यक असतो. बी.एस्सी.धारकास हा अनुभव पदवीनंतर घ्यावा लागतो. पोस्ट बेसिक पदवीधारकाचा त्या पदवीपूर्वीचा अनुभवही ग्राह्य असतो. अतिदक्षता परिचर्येतील ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम तसेच एक वर्षाच्या विशेष पदविकाही उपलब्ध आहेत.

कालावधीचा हिशेब

दोन वर्षांत शिक्षण पूर्ण होते म्हणून ए.एन.एम. हा सोपा मार्ग समजला जातो. परंतु विद्यार्थिनीचे अंतिम उद्दिष्ट पदवी असेल, तर हिशेब उलटा होतो. थेट बी.एस्सी.ला चार वर्षे लागतात. जी.एन.एम. व पोस्ट बेसिक या मार्गाने पाच वर्षे लागतात. ए.एन.एम., जी.एन.एम. आणि पोस्ट बेसिक असा प्रवास केल्यास सात वर्षे लागतात, कारण ए.एन.एम. झालेल्या विद्यार्थिनीसही जी.एन.एम.ची तिन्ही वर्षे पूर्ण करावी लागतात. पदव्युत्तर पदवीपर्यंतचा विचार केल्यास अनुभवाचे एक वर्ष धरून हे मार्ग अनुक्रमे सात, आठ व दहा वर्षांचे होतात.

तथापि केवळ वर्षे मोजून निर्णय करणे योग्य ठरणार नाही. ज्या कुटुंबाला दोन वर्षांनंतर मुलीच्या मिळकतीची नितांत गरज आहे, त्यांच्यासाठी ए.एन.एम. हा कमी दर्जाचा नव्हे, तर परिस्थितीला अनुरूप पर्याय असू शकतो. फक्त पुढील पायरी किती लांब आहे, याची कल्पना तिला प्रवेशापूर्वी असली पाहिजे.

कला शाखेतून बारावी झालेल्या विद्यार्थिनीची स्थिती विशेष विचारात घेण्यासारखी आहे. तिला थेट बी.एस्सी. नर्सिंग घेता येत नाही. अशा वेळी ‘पुन्हा विज्ञान शाखेतून बारावी कर’ असा सल्ला काही वेळा दिला जातो. अकरावी-बारावीची दोन वर्षे व पदवीची चार अशी सहा वर्षे त्यात जातात. जी.एन.एम. व पोस्ट बेसिक या मार्गाने तीच विद्यार्थिनी पाच वर्षांत पदवीधर होते, शिवाय तीन वर्षांनंतर तिच्या हाती नोंदणीकृत परिचारिकेची अर्हता असते. येथे योग्य माहितीअभावी विद्यार्थिनीचे एक वर्ष आणि कित्येकदा उमेदही वाया जाते.

याउलट विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेऊन पन्नास टक्क्यांच्या आसपास गुण मिळविलेली विद्यार्थिनी ‘मला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला नाही, आता काहीच उरले नाही’ या भावनेतून घाईने पदविकेला प्रवेश घेते. ती बी.एस्सी. नर्सिंगसाठी पात्र असते, पण प्रवेश परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत निकालापूर्वीच निघून गेलेली असू शकते. हे नुकसान निव्वळ वेळेवर मिळालेल्या एका सूचनेने टळू शकते.

रोजगार व प्रगतीच्या दृष्टीने तुलना

पदवी व पदविका यांतील अंतर प्रवेशाच्या नोकरीत वाटते तितके मोठे नसते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांतील नर्सिंग ऑफिसर पदाच्या परीक्षेसाठी पदवीधर पात्र असतात, तसेच किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव असलेले जी.एन.एम. पदविकाधारकही पात्र असतात. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत या पदाचे प्रारंभिक मूळ वेतन ४४,९०० रुपये ठरलेले आहे. निवड झाल्यावर पदवी वा पदविका असा भेद त्यात केला जात नाही. आयुष्मान भारत योजनेतील समुदाय आरोग्य अधिकारी पदासाठीही दोन्ही अर्हता विचारात घेतल्या जातात.

खरे अंतर पुढे जाणवते. अध्यापन, पदव्युत्तर शिक्षण, संशोधन व वरिष्ठ प्रशासकीय पदे यांचा मार्ग पदवीतूनच जातो. लष्करी परिचर्या सेवेसाठी पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय व मुंबईतील आय.एन.एच.एस. अश्विनी येथे चालणारे शिक्षणही पदवी स्तराचे आहे. परदेशी जाण्याचा विचार असल्यास त्या देशाची परवाना परीक्षा व भाषेची अट महत्त्वाची ठरते. अमेरिकेसाठी एनक्लेक्स परीक्षा द्यावी लागते, तर जर्मनीत जर्मन भाषेच्या प्रावीण्याशिवाय पूर्ण मान्यता मिळत नाही. सन २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत करार झाल्यापासून हा प्रश्न मराठी कुटुंबांत अधिक विचारला जाऊ लागला आहे. अशा विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमातील तासांची व प्रात्यक्षिकांची कागदपत्रे जपून ठेवणे हिताचे असते.

‘जी.एन.एम. लवकरच बंद होणार’ ही चर्चाही अधूनमधून ऐकू येते. पदवी हीच किमान अर्हता करण्याचा विचार २०१९ च्या सुमारास पुढे आला होता. परंतु तो प्रत्यक्षात उतरला नाही आणि पदविका अभ्यासक्रम सुरू राहिला. केवळ या चर्चेमुळे पात्र विद्यार्थिनीने पदविकेकडे पाठ फिरवू नये.

संस्था निवडताना तपासावयाच्या बाबी

अभ्यासक्रमाइतकीच संस्थेची निवड निर्णायक आहे. सर्वांत गंभीर धोका नावाच्या साधर्म्यातून निर्माण होतो. ‘होम नर्सिंग’, ‘पेशंट केअर’, ‘नर्सिंग असिस्टंट’ अशा नावांचे सहा महिने ते एक वर्षाचे अभ्यासक्रम तालुक्याच्या ठिकाणी चालतात. रुग्णसेवेतील मदतनीस तयार करणे हा त्यांचा हेतू असेल तर त्यात गैर काही नाही. मात्र त्यातून परिचारिका म्हणून नोंदणी मिळत नाही. नोंदणी नसेल तर पुढील कोणतीही पायरी चढता येत नाही. गणवेश, टोपी व प्रमाणपत्र पाहून पालकांचा समज होतो आणि नोकरीच्या अर्जाच्या वेळी सत्य कळते.

म्हणून पुढील बाबी क्रमाने तपासाव्यात :

१) संस्थेला त्या विशिष्ट अभ्यासक्रमासाठी चालू वर्षाची मान्यता आहे काय? एका अभ्यासक्रमाची मान्यता दुसऱ्याला लागू होत नाही.
२) पदवी असल्यास विद्यापीठाची आणि पदविका असल्यास शिक्षण मंडळाची संलग्नता आहे काय?
३) अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते काय?
४) संस्थेचे स्वतःचे किंवा संलग्न रुग्णालय किती खाटांचे आहे व त्यात प्रत्यक्ष रुग्ण असतात काय? एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हे प्रमाण निकषांत अपेक्षित आहे. रिकाम्या खाटांवर परिचर्या शिकता येत नाही.
५) प्रवेश केंद्रीभूत फेरीतून आहे की संस्थास्तरीय कोट्यातून? शिष्यवृत्ती व शुल्क सवलतींचा लाभ प्रामुख्याने केंद्रीभूत फेरीतील प्रवेशांनाच मिळतो.
६) शुल्क नियामक प्राधिकरणाने निश्चित केलेले शुल्क आणि प्रत्यक्ष मागितले जाणारे शुल्क यांत तफावत आहे काय? वसतिगृह, गणवेश व प्रवासखर्च वेगळा विचारावा.

निष्कर्ष

१) परिचर्या शिक्षणातील स्तर परस्परांशी जोडलेले आहेत, खालच्या स्तरावरून वर जाता येते, परंतु त्याची किंमत वर्षांच्या रूपाने मोजावी लागते.
२) विज्ञान शाखेतील पात्र विद्यार्थ्यासाठी थेट पदवी, तर अन्य शाखांतील विद्यार्थ्यासाठी जी.एन.एम. व त्यानंतर पोस्ट बेसिक हा सर्वसाधारणपणे हितावह मार्ग ठरतो.
३) ए.एन.एम.ची निवड लवकर मिळकतीची गरज व ग्रामीण आरोग्यसेवेची आवड यांच्या आधारे, पूर्ण माहितीनिशी व्हावी.
४) नोंदणी न देणारा अभ्यासक्रम हा परिचर्या शिक्षणाचा स्तरच नव्हे.

सूचना

१) शाखानिवड अकरावीत होत असल्याने परिचर्येविषयीचे मार्गदर्शन दहावीच्या निकालानंतर लगेच केले जावे; बारावीनंतर ते उशिराचे ठरते.
२) महाविद्यालयाच्या मार्गदर्शन कक्षाने प्रवेश परीक्षेच्या तारखा व मान्यताप्राप्त संस्थांची चालू वर्षाची यादी सूचनाफलकावर लावावी.
३) परिचर्या क्षेत्रात कार्यरत माजी विद्यार्थिनींना व विद्यार्थ्यांना व्याख्यानासाठी निमंत्रित करावे. जी.एन.एम. व पदवी अभ्यासक्रम पुरुषांनाही खुले आहेत, हे आवर्जून सांगावे.
४) प्रवेश घेण्यापूर्वी पालकांसह संस्थेच्या रुग्णालयास भेट देण्यास सांगावे.

उपकेंद्रात लस देणारी आरोग्य सेविका आणि अतिदक्षता विभागात रात्रभर जागणारी अधिपरिचारिका या दोघींची समाजाला सारखीच गरज आहे. त्यांच्यापैकी कोण व्हायचे, हे विद्यार्थिनीने स्वतः ठरवावे. ते अज्ञानाने ठरू नये, एवढी दक्षता घेणे हे महाविद्यालयीन शिक्षकाचे कर्तव्य ठरते.