होडी असली तरी घरकुल मिळते का?



संस्थेच्या ऑफिसात कसलाही कागद द्यायला आलेला माणूस जाता जाता एक प्रश्न हमखास विचारतो, "आमची होडी आहे, म्हणजे घरकुल काही मिळणार नाही ना?" विचारतानाच त्याने उत्तर ठरवलेले असते. बरीच वर्षे ते उत्तर बरोबरही होते. आता तसे राहिलेले नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली सुरू झाली. कोणाला घर द्यायचे नाही याच्या तिच्यात १३ अटी होत्या. त्यातल्या पहिल्याच अटीत दुचाकी, तीनचाकी, चारचाकी यांच्या रांगेत इंजिनाची मासेमारी होडी बसवली होती. इंजिन कर्जाने घेतले का, होडी किती जुनी, वर्षातले किती दिवस ती किनाऱ्यावर उलटी पडलेली असते, हे कोण विचारतो? होडी आहे ना, मग नाव बाद. ज्या होडीवर चूल पेटते तीच घराच्या आड आली.

२०२४ मध्ये केंद्र सरकारने ही योजना २०२८-२९ पर्यंत वाढवली, आणखी २ कोटी घरे मंजूर केली आणि १३ अटींच्या १० केल्या. इंजिनाची मासेमारी होडी, दुचाकी, फ्रीज आणि लँडलाइन फोन या चार गोष्टी यादीतून गेल्या. घरातल्या एखाद्याची कमाई महिना १० हजारांच्या वर असली तर नाव बाद होत असे, ती मर्यादा आता १५ हजार झाली. तेव्हा जुन्या नकारावर गप्प बसू नका. पंचायतीत जाऊन नव्या सर्वेक्षणाच्या यादीत आपले नाव आहे का ते स्वतः पाहा, आणि यादी ग्रामसभेत वाचली जाते त्या दिवशी हजर राहा. आपले लोक नेमके त्या दिवशी समुद्रात असतात. निदान घरातल्या बाईने तरी जावे.

आता राहिलेल्या अटी. घरात कोणी सरकारी नोकर असला, आयकर किंवा व्यवसाय कर भरणारा असला तर घरकुल नाही. तीनचाकी-चारचाकी वाहन असले तरी नाही, त्यामुळे मासळी बाजारात नेणारा स्वतःचा टेम्पो किंवा रिक्षा अजूनही आड येते. होडी चालते पण टेम्पो चालत नाही, हे आम्हालाही पटलेले नाही, पण नियम तसा आहे.

सगळ्यात जपायची अट किसान क्रेडिट कार्डाची. ५० हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचे कार्ड असले तर कुटुंब योजनेतून बाहेर जाते. २०१८-१९ पासून हे कार्ड मच्छीमारांनाही मिळू लागले, तेव्हा आम्हीच सभासदांच्या मागे लागून फॉर्म भरून घेतले होते. डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांची उचल यासाठी पैसा मिळतो, वेळेवर फेडला तर व्याज ४ टक्क्यांवर येते, सावकाराकडे जावे लागत नाही. ते सगळे खरेच आहे. पण हेच कार्ड घरकुलाच्या आड येईल हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही, कबूल करतो. मर्यादा मोजली जाते, उचललेली रक्कम नव्हे. एक रुपया न काढता कार्ड नुसते पेटीत पडून असले तरी ते मोजले जाते.

म्हणून काय कार्ड बंद करायचे? आमचे मत विचाराल तर घाई करू नका. ज्याचा हंगाम कार्डाच्या पैशावर सुरू होतो त्याने ते सोडून परत आडत्याकडे हात पसरणे महागात पडेल. ज्याचे घर खरोखर कच्चे आहे आणि कार्ड वापरातच नाही, त्याने मर्यादा ५० हजारांच्या खाली आणता येते का ते बँकेत विचारावे. आणि "कच्चे" म्हणजे मातीच्या भिंती, झावळ्यांचे छप्पर असे घर. सिमेंटात बसवलेल्या चिऱ्यांच्या भिंती आणि कारखान्यातली कौले असली तर घर कितीही गळो, ते पक्क्यातच धरतात.

मदत सपाट भागासाठी १ लाख २० हजार. काम पुढे सरकेल तसे फोटो काढून हप्त्याहप्त्याने ती बँक खात्यात येते. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. घर किमान २५ चौरस मीटर हवे. चिरा, रेती, सिमेंट यांचे आजचे दर पाहता एवढ्यात घर उभे राहत नाही हे आम्ही सांगायला नको. म्हणूनच लाभार्थ्याला बँकेकडून ७० हजारांपर्यंत कर्ज मिळवून देण्याची तरतूद योजनेतच आहे. ती विचारली नाही तर सहसा कोणी सांगत नाही.

टीव्हीवर ऐकता ती गृहकर्जावरच्या व्याजाची सवलत मात्र वेगळी. ती प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधली, म्हणजे म्हापसा, मडगाव अशा पालिकांच्या हद्दीतली. वर्षाचे उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असले तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सवलत, सगळी मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. १ सप्टेंबर २०२४ नंतरची कर्जे त्यात धरतात. पंचायतीतल्या घराला ती मिळेल असे कोणी एजंट सांगत असेल तर पैसे देण्याआधी आमच्याकडे या. आणि आपल्या बायकांना महिन्याला पैसे मिळतात ती "गृह आधार" घराची योजना नाही. नाव तसे आहे, एवढेच.

खरे घोडे अडते ते कागदावर. आपल्यातली कितीतरी घरे भाटकाराच्या जमिनीत आहेत. १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहत्या घराला संरक्षण आहे आणि जागा विकत घेण्याचा हक्कही आहे, पण मामलेदाराकडे मुंडकार म्हणून नुसती नोंद असून भागत नाही. जागा विकत घेऊन एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव लागेपर्यंत बँक ते घर गहाण धरायला तयार होत नाही. घर वाडवडिलांच्या नावावर असले तर आधी इन्व्हेंटरी करावी लागते. आपल्या गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते, त्यामुळे गहाणखतावर दोघांची सही लागते. मुलगा बोटीवर परदेशी असला तर मुखत्यारपत्राची सोय आधीच करून ठेवा.

किनाऱ्याजवळच्यांना आणखी एक. भरतीच्या रेषेपासून २०० मीटरच्या आत नवे घर बांधायला सहसा परवानगी मिळत नाही. आधीपासूनच्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी मूळ जोत्याएवढीच करता येते, तीही किनारी क्षेत्र प्राधिकरणाची परवानगी घेऊन. आधी कर्ज, मग परवानगी असे उलटे केले तर काम थांबते आणि हप्ता चालू राहतो.

हप्त्यावरूनच शेवटचे. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, पण बँकेला बंदी नसते. कर्ज घेताना महिन्याचा हप्ता ऑक्टोबरच्या मासळीवर मोजू नका, जूनचा विचार करून मोजा, आणि दोन हप्ते मे संपण्याआधी खात्यात ठेवा. घरासाठी होडी गहाण टाकायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर सही करण्याआधी एकदा आमच्याशी बोला.

ऑफिसात येताना आधार कार्ड, एक-चौदाचा उतारा, घरपट्टीची पावती, बँकेचे पासबुक आणि असले तर किसान कार्ड घेऊन या. नाव पूर्वी नाकारले गेले असेल तर तो जुना कागदही आणा, फेकू नका.