दवाखान्याचे स्थलांतर आणि वैद्यकीय व्यवसायीचे कर्तव्य

दवाखाना हलविणे वा बंद करणे हा वरवर पाहता वैद्यकीय व्यवसायीचा खाजगी व्यवहार होय. परंतु त्या जागेशी रुग्णांचे चालू उपचार व त्यांच्या प्रकृतीचा लेखी इतिहास निगडित असतो. म्हणूनच या व्यवहारास कर्तव्याचे स्वरूप येते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांत या कर्तव्याचे स्वतंत्र प्रकरण नाही. ते विखुरलेल्या तरतुदींतून जुळवावे लागते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम प्रसृत केले. परंतु त्याच महिन्यात ते स्थगित करून २००२ चेच विनियम पुन्हा लागू केले.

या विनियमांनुसार एकदा हाती घेतलेला रुग्ण, त्यास व त्याच्या कुटुंबास पुरेशी पूर्वसूचना दिल्यावाचून सोडता येत नाही. जाहिरातीस मनाई असली तरी पत्ता बदलल्याचे औपचारिक निवेदन वृत्तपत्रात देण्याची मुभा आहे. येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा : निवेदन ही मुभा आहे, पूर्वसूचना हे कर्तव्य आहे. पहिलीने दुसरे आपोआप फिटत नाही.

समजा, रत्नागिरीतील मांडवीचा एखादा दवाखाना मारुती मंदिर परिसरात गेला. वृत्तपत्रात निवेदन आले. तथापि मासेमारीहून परतलेल्या मधुमेही रुग्णाच्या दृष्टीस पडले ते केवळ कुलूप. त्याच्यासाठी जुन्या दारावरील ठळक फलक आणि आधीच्या भेटीत दिलेली तोंडी सूचना हीच खरी पूर्वसूचना होय.

कागदपत्रांचा प्रश्न याहून बिकट आहे. आंतररुग्णांच्या नोंदी उपचारारंभापासून ३ वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. परंतु लहान दवाखान्याचे बहुतेक रुग्ण बाह्यरुग्णच असतात, आणि ३ वर्षांचा हा नियम त्यांचा उल्लेख करीत नाही. तेव्हा रोगनिदान, चालू औषधे व त्यांची मात्रा यांचा सारांश रुग्णाच्या हाती देणे, हाच ही उणीव भरून काढण्याचा सरळ मार्ग होय.

सोनोग्राफी केंद्राच्या बाबतीत कायदा अधिक काटेकोर आहे. गर्भलिंगनिदानविरोधी नियमांनुसार जागाबदलाची सूचना किमान ३० दिवस आधी समुचित प्राधिकाऱ्यास द्यावी लागते. केंद्र बंद झाल्यास नोंदणी प्रमाणपत्राच्या दोन्ही प्रती परत कराव्या लागतात.

यंत्राच्या स्थलांतरासाठी मुदत ठरलेली आहे. रुग्णाच्या बाबतीत मात्र ‘पुरेशी’ या एकाच शब्दावर भिस्त आहे. रुग्णास दुसरा वैद्य गाठता येईल व औषधात खंड पडणार नाही, इतका अवधी म्हणजे पुरेशी सूचना, असाच त्या शब्दाचा अर्थ लावणे न्याय्य ठरेल.