सहीआधी चेंडू वाचावा

मागच्या वर्षी माझा चेक बँकेतून परत आला. शेरा होता, 'सही जुळत नाही'. सही माझीच होती. मग काउंटरवरच्या मुलीसमोर बसून मी माझ्याच पंधरा वर्षांपूर्वीच्या सहीची नक्कल केली. सावकाश, एकेक वळण आठवत. ती पास झाली! अमेरिकेत बेसबॉलवरच्या सह्या तपासणारा एखादा जाणकार तिथे असता, तर त्याने हीच दुसरी सही आधी बाजूला काढली असती.

कारण खरी सही कधी तंतोतंत सारखी येत नाही. हात सवयीने धावतो, शेवटची रेघ हवेत उचलली जाऊन बारीक होत जाते. नकलाकार मात्र अक्षराचा आकार काढत बसतो. त्याच्या रेघेला सगळीकडे सारखाच दाब असतो, मध्येच थरथर दिसते आणि शेवट बोथट होतो. शिवाय चेंडू गोल, हाताला टेकायला जागा नाही. दोन शिवणी जिथे सर्वांत जवळ येतात त्या चिंचोळ्या पट्टीला 'स्वीट स्पॉट' म्हणतात. तिथे एकट्या खेळाडूची सही असली की भाव चढतो. पहिल्या ऑल-स्टार सामन्यात, १९३३ साली, बेब रुथने होमरन मारलेला आणि पुढे सही केलेला चेंडू २००६ मध्ये ८ लाख ५ हजार डॉलरला गेला. एवढा पैसा दिसला की हात शिवशिवणारच.

पण मुरलेला जाणकार सहीकडे नंतर वळतो. आधी तो चेंडू वाचतो. विसाव्या शतकात अमेरिकन लीग आणि नॅशनल लीगच्या अधिकृत चेंडूंवर त्या त्या लीगच्या अध्यक्षाची सही छापलेली असे. अमेरिकन लीगवर १९३१ ते १९५९ विल्यम हॅरिज, त्यानंतर जो क्रोनिन. रुथ वारला १६ ऑगस्ट १९४८ रोजी. क्रोनिनचा छाप असलेल्या चेंडूवर रुथची कितीही झोकदार सही असो, ती मेलेल्या माणसाने केलेली! हसू येतं, पण असे चेंडू खरंच विकायला येतात. कातड्याचंही तसंच. १९७४ पर्यंत वेष्टन घोड्याच्या कातड्याचं असायचं, मग गाईचं आलं. १०८ दुहेरी टाके लाल दोऱ्याचे. फार जुन्या चेंडूंवर लालसोबत निळा किंवा काळा दोराही दिसतो.

पेनचीही जन्मतारीख असते. अमेरिकेत बॉलपेन दुकानात आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये, न्यूयॉर्कच्या गिंबेल्समध्ये. म्हणजे रुथच्या हाती ते जेमतेम तीन वर्षं. १९३०च्या चेंडूवर बॉलपेनची सही असेल तर एक तर ती नंतर घेतलेली, नाहीतर लबाडी. जुन्या शाईपेनची शाई कातड्यात मुरते, कडा किंचित फुटतात आणि वर्षानुवर्षांत तिचा तपकिरी रंग होतो.

हे सगळं ठगांनाही ठाऊक असतं. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका टोळीने जुने कोरे चेंडू आणि जुनी पेनं जमवली. पिवळेपणा यावा म्हणून चेंडूंना शेलॅक लावलं आणि शेलॅकचा वास जावा म्हणून ते कुत्र्याच्या खाण्याच्या पिशवीत ठेवले. एफबीआयने ती टोळी 'ऑपरेशन बुलपेन' या मोहिमेत पकडली. जप्त मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलही निघाले! कुठल्या गिऱ्हाइकाने ते मागितले असावेत, याचं मला अजून कोडं आहे. या प्रकरणातला मोठा धडा सॅन दिएगोच्या संघातला खेळाडू टोनी ग्विनचा: स्वतःच्या संघाच्या दुकानात ठेवलेल्या मालावरची आपली सही खोटी आहे हे त्याने स्वतः ओळखलं. एवढी जवळची नजर असेल तर ठीक. बाकीच्यांनी काय करायचं?

आणखी एक गोची आहे, ती लबाडीहून सोज्वळ. क्लबहाउसमध्ये चेंडूंचे ढीग पडलेले असत. खेळाडू कंटाळला की एखादा कामगार किंवा बॅटबॉय त्याच्या नावाने सह्या ठोकून द्यायचा. चेंडू खरा, शाई त्या काळातली, संघाच्या खोलीतूनच आलेला, आणि तरी हात दुसऱ्याचा. वय, कातडं, शाई यांची कुठलीही तपासणी हा फरक पकडू शकत नाही. तिथे शेवटी रेघच बोलते, म्हणजे पुन्हा माणसाच्या नजरेवर येऊन थांबतो आपण.

या दोन्ही लीग मिळून झालेल्या मेजर लीगने २००१ पासून ही नजरच बाजूला ठेवली. सही होताना समोर माणूस बसवायचा, त्यात निवृत्त किंवा ड्यूटीवर नसलेले पोलीसही असतात. चेंडूला क्रमांकाचा होलोग्राम चिकटवायचा. काढायला गेलं की तो फाटतो. सही ओळखायचीच नाही, पाहायची. माझ्या मते या धंद्यातला हा एकच उपाय पूर्णपणे प्रामाणिक आहे. मात्र मागच्या सह्यांना तो लागू नाही. १९३३ साली मैदानाच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या पोराने रुथकडून सही घेतली असेल, तर तिला साक्षीदार तो पोरगाच.

त्याचा नातू आज तो चेंडू हातरुमालात गुंडाळून जाणकाराकडे आणतो. आजोबांची गोष्ट सांगू लागतो. जाणकार मान डोलावतो, आणि गोष्ट चालू असतानाच चेंडू हलकेच फिरवून छापलेलं नाव हॅरिजचं आहे का ते बघतो.