डुबकी सगळ्यांना ठाऊक होती

१५ जुलै हा कबड्डीचे संघटक बुवा साळवी यांचा जन्मदिवस, म्हणून कबड्डी दिन. त्या दिवशी मातीचं गुणगान आणि मॅटला टोमणे ठरलेलेच. ते बाजूला ठेवून दादर-लालबागच्या एखाद्या मंडळाचा सराव पाहावा. चढाईपटूचं पुढचं पाऊल कोपरारक्षकाला आधीच कळू लागलं, की मांड्या कितीही भरदार असोत, घोटा पकडला जातोच.

नियमांनी चढाईपटूला आधीच अर्धा उघडा पाडलाय. तीस सेकंद, एक दम. पुरुषांसाठी मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असलेली निदान रेषा ओलांडायची, नाहीतर कुणाला तरी शिवायचं. त्यात सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या, की तिसरीत गुण हवाच. हा आता तुटून पडणार हे समोरच्या सातही जणांना ठाऊक. मग लपवायचं काय?

‘सारखं बदलत राहा’ हा नेहमीचा सल्ला. तो लंगडा आहे. मार्क वॉकर आणि जॉन वूडर्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये टेनिसच्या मोठ्या सामन्यांतल्या सर्व्हिस तपासल्या, तेव्हा खेळाडू दिशा गरजेपेक्षा जास्त वेळा बदलतात असं दिसलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हीसुद्धा सवयच! फुटबॉलवाले बरे. इग्नासिओ पालासिओस-हुएर्ता यांनी २००३ मध्ये १,४१७ पेनल्टी किकचा हिशेब मांडला. आधीच्या किकवरून पुढची ओळखता येत नव्हती.

तरीही निव्वळ नशिबावर हवाला ठेवून चढाई होत नाही. प्रदीप नरवालचंच पाहा. २०१७ च्या प्रो कबड्डीत त्याने चढायांत ३६९ गुण मिळवले, त्यातले ३४ हरियाणा स्टीलर्सविरुद्ध एकाच सामन्यात. त्याची डुबकी, म्हणजे बचावपटूंच्या साखळीखालून निसटणं, शाळकरी पोरांनाही पाठ होती. पण डुबकी मारायची तर साखळी अंगावर यायला हवी, हात वर हवेत. ते कधी वर येतील हे प्रदीप ठरवायचा! डाव उघडा, वेळ झाकलेली. कुस्तीतल्या खडाखडीत पैलवान हेच करतात.

म्हणून सरावात दहा नवे डाव घोटण्यापेक्षा एकाच पावलाचे तीन शेवट घोटावेत. त्याच पावलातून बोट लावायचं, मागचा पाय काढायचा किंवा समोर सहा-सात जण असतील तर बोनस घेऊन परतायचं. कुठला, ते समोरच्याचा तोल सांगेल. खांदा मात्र आधी बोलता कामा नये. २६ जुलै २०१४ ला वरळीत प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, तेव्हापासून प्रत्येक सवय कॅमेऱ्यात साठतेय. खांदा किती आधी वळला, हे प्रतिस्पर्धी पुन्हा पुन्हा पाहू शकतो.

बरं, हूल देणं ही काही चढाईपटूची मक्तेदारी नाही. मुरलेला कोपरारक्षक मुद्दाम पाय थोडा पुढे ठेवतो, नजर भलतीकडे लावतो. फुकटचा गुण दिसला म्हणून पोरगं आत वाकतं, आणि शेजारचा मध्यरक्षक तोवर निघालेला असतो.