घरबसल्या ट्रान्स्क्रिप्शन सुरू करायचंय?

मुलाखत, व्याख्यान किंवा बैठकीचं रेकॉर्डिंग ऐकून ते टाइप करणं म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन. ज्यांना ऐकायला आवडतं, त्यांच्यासाठी हे फार सुंदर काम आहे!

आधी पैशांचं नीट समजून घ्या. मोबदला बहुधा ऑडिओच्या मिनिटावर मिळतो, तुमच्या वेळेवर नाही. स्वच्छ आवाजाच्या तासाभराच्या रेकॉर्डिंगला सुमारे चार तास लागतात. चार माणसं एकदम बोलत असतील किंवा मागे पंखा घरघरत असेल, तर त्याहून जास्त. म्हणून दर ठरवण्याआधी नमुना ऐकायला मागाच.

सरावासाठी ओट्रान्स्क्राइब उत्तम. मोफत आहे, ब्राउझरमध्येच चालतं आणि ऑडिओ तुमच्याच संगणकावर राहतो. एस्केप दाबलं की रेकॉर्डिंग थांबतं, एफ-१ ने मागे जातं, एफ-३ ने वेग कमी होतो. हात कीबोर्डवरून उचलावाच लागत नाही. मराठीसाठी युनिकोड टायपिंग हवंच. मी इन्स्क्रिप्ट कीबोर्डच शिकायला सांगेन.

‘अं’, ‘म्हणजे’, अडखळणं हे सगळं लिहायचं की गाळायचं, हे ग्राहकाला आधीच विचारा. संशोधकांना बहुधा सगळं हवं असतं. बोलीतलं ‘व्हतं’ परस्पर ‘होतं’ करू नका.

२०२२ मध्ये व्हिस्पर हे बोलणं लिहून देणारं एआय आल्यापासून यंत्राने केलेला मसुदा तपासण्याचं कामही मिळतं. मराठीत यंत्र नावं आणि बोली हमखास चुकवतं, तिथे तुमचा कान लागतो.

आणि नोंदणी फी किंवा डिपॉझिट मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.