पाणी नव्हे, पाइप तापतो

नवी मुंबईतल्या तळवलीच्या शेजारीच टीटीसी एमआयडीसीचा पट्टा आहे. रसायनं, औषधं, खाद्यपदार्थ, काहीही बनवायचं म्हटलं की पाणी, तेल नाहीतर पाक तापवणं आलंच. अशा गाळ्यांतून इंडक्शन हीटरची जाहिरात होते तेव्हा यंत्रापेक्षा त्याच्या दंतकथाच जास्त खपतात.

गैरसमज: हाय फ्रिक्वेन्सीने पाणी आतूनच तापतं.

तसं मायक्रोवेव्हमध्ये होतं, आणि तिथली फ्रिक्वेन्सी २.४५ गिगाहर्ट्झ असते. इथे आपण २०-३० किलोहर्ट्झबद्दल बोलतोय. या फ्रिक्वेन्सीचं चुंबकीय क्षेत्र ठाण्याच्या खाडीतल्या खाऱ्या पाण्यातही दीडेक मीटर सहज आत शिरेल, म्हणजे दोन-तीन इंची पाइपातल्या पाण्यात ते जवळजवळ काहीच उष्णता सोडत नाही. तापतो तो पाइप. साध्या लोखंडी पाइपात प्रवाह पृष्ठभागाच्या ०.२ मिमीच्या आतच एकवटतो, ३०४ स्टेनलेसमध्ये तो सुमारे ३ मिमी खोल जातो. म्हणून पाइपाला आधी लोहचुंबक लावून बघावं. ३०४ला तो सहसा चिकटत नाही, ४३०ला चिकटतो, आणि पाइपाभोवतीच्या कॉइलची मांडणी त्यावर ठरते.

गैरसमज: वीजबिल निम्म्यावर येतं.

मिनिटाला १० लिटर पाणी ३० अंशांवरून ७० अंशांवर न्यायला सुमारे २८ किलोवॉट लागतात. हा पाण्याचा हिशोब आहे, यंत्र कुठलंही आणा. पाण्यात बुडवलेला साधा हीटरही आपली जवळजवळ सगळी वीज पाण्यालाच देतो. इंडक्शनमध्ये उलट इन्व्हर्टर आणि कॉइल थोडी वीज स्वतःच खातात. बचतीची ही समजूत स्वयंपाकघरातून आली असावी: तिथे तुलना गॅसच्या ज्योतीशी असते आणि ज्योतीची बरीच उष्णता भांड्याच्या कडेने निसटते. बिलच कमी करायचं असेल तर हीट पंप बघा, तो हेच काम साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या विजेत करू शकतो.

मग इंडक्शन घ्यायचं कशाला? द्रवात विजेचा एकही भाग नसतो, तापणारा पृष्ठभाग मोठा मिळतो, त्यामुळे तेल किंवा पाक एका जागी करपत नाही. शिवाय तापमान पटकन वरखाली करता येतं. ही कारणं पुरेशी आहेत, पण जाहिरातीत ती सापडत नाहीत.

गैरसमज: रेझोनन्समुळे थोड्या विजेत जास्त ताकद मिळते.

५० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची जोडी २२ किलोहर्ट्झच्या आसपास अनुनादित होते. समांतर जोडणीत कॉइलमधला करंट पुरवठ्याच्या कितीतरी पट दिसतो (साधा क्लॅम्प मीटर या फ्रिक्वेन्सीला धड वाचतही नाही, ते वेगळंच). पण ती ऊर्जा कॉइल-कपॅसिटरमध्ये नुसती ये-जा करते. पाइपात जितकी मुरते तितकी मीटरमधून यावीच लागते.

रेझोनन्सचा खरा फायदा इन्व्हर्टरमधल्या आयजीबीटी या स्विचला होतो. एकसर जोडणीत अनुनादाच्या किंचित वर चालवलं की स्विच शून्य व्होल्टेजला चालू होतो आणि कमी तापतो. गोम अशी की पाइप तापला की कॉइलचं इंडक्टन्स सरकतं, त्यासोबत अनुनादही. कंट्रोल कार्डाने त्याचा सतत पाठलाग करायचा असतो. ते मागे पडून फ्रिक्वेन्सी अनुनादाच्या खाली गेली, की आयजीबीटी उडायला वेळ लागत नाही.

गैरसमज: फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितकं उत्तम.

जालन्यात भंगार वितळवून सळई करणाऱ्या कारखान्यांच्या इंडक्शन भट्ट्या काहीशे हर्ट्झवरच चालतात, कारण तिथे टनावारी लोखंड खोलवर तापवायचं असतं. पाइपाच्या पातळ भिंतीला २० किलोहर्ट्झ पुरतात, शिवाय तो आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. त्याहून वर जावं तसं स्विचिंगचं नुकसान वाढतं.

गैरसमज: क्षार बसत नाहीत.

बसतात. बोअरवेलचं जड पाणी कुठल्याही गरम भिंतीवर क्षार सोडतंच.

गैरसमज: कॉइल पाइपाला टेकत नाही, म्हणजे शॉकची भीती नाही.

भीती इन्व्हर्टरच्या पेटीत असते: ४१५ व्होल्ट थ्री-फेज रेक्टिफाय केलं की तिथल्या डीसी बसवर ५६० व्होल्टच्या वर येतात, आणि मेन स्विच पाडला तरी तिथले कपॅसिटर भरलेलेच राहू शकतात. कव्हर उघडण्याआधी थांबावं आणि मीटर लावून बघावं.